जैनबच्या जागी सुमन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, देवासमोर बसून देवालाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल तर — असू द्या, तरी सांगते.

मी वडवणीला नांदायला आलेली. शाळा चौथीपर्यंत, पुढचं वाचन किराण्याच्या पुड्यांवरच्या कागदांवर झालं. मालक गेले, मुलगा पुण्याला. त्यानं मोठा मोबाइल पाठवला आणि तो शिकायला मला कुणी लागलं नाही. दिवसभर घरात आवाज कुणाचा? माझाच. मग तोच भरून मोबाइलवर टाकायला लागले. चॅनल म्हणतात त्याला. हळदीची गाणी, पाळणे, सगळी जुनी, बायकांच्या तोंडची. दहा-वीस जणी ऐकायच्या.

मग एक गाणं चाललं. लई चाललं.

'मूठ नको आवळू पोरी, हात सोड सैल,
सासर तुझं जवळ हाय, दमायचा न्हाई बैल.'

नवरीला बांगड्या भरतानाचं गाणं. बाजारात बायका थांबवून म्हणायच्या, "काकू, तुमचं गाणं आमच्या सुनंला पाठ हाय!" तुमचं गाणं. कानाला किती गोड लागतं ते — दिवसभर कुणी हाक न मारणाऱ्या बाईलाच विचारा.

ते गाणं माझं नव्हतं.

ते जैनबीचं. आमच्या मागच्या आळीत राहायची, घरोघर फिरून बांगड्या भरायची. माझं लग्न सासरच्याच मांडवात लागलं, तेव्हाचा चुडा तिनंच भरला. नवरीनं मूठ आवळली की काच फुटते, हाताला लागतं. म्हणून ती गाणं म्हणायची, पोरगी हसायची, मूठ सुटायची, बांगडी आत. त्यासाठीच तिनं ते रचलं होतं. माझ्याच ओट्यावर बसून, एकेक ओळ मला ऐकवून. "सुमे, बैल बरा वाटतो का गं तिथं?" म्हणून विचारायची. मालक गेले तेव्हा माझे हात मोकळे झाले. महिन्यानं ती आली, माझा हात ओढला आणि दोन साध्या बांगड्या चढवल्या. "कोण काय म्हणतंय ते माझ्याकडं पाठव," म्हणाली.

आमच्याकडं गाण्याच्या शेवटच्या ओळीत रचणारीचं नाव येतं. दुसरी सही नसते आम्हा बायकांना. तिची ओळ होती, 'जैनब भरी हिरवा चुडा, पुसून घे गं डोळा.' मी म्हटलं, 'सुमन भरी हिरवा चुडा.' तीन अक्षरं काढली, तीन बसवली, चाल कुठं अडली नाही. जन्मात मी कुणाला एक बांगडी भरलेली नाही. तरी ते कुणाला खटकलं नाही.

जैनबी तेव्हा जाऊन दोन वर्षं झाली होती.

एवढ्यावर थांबले असते तर? पण थांबले नाही ना. बीडच्या एका लग्नाच्या व्हिडिओवाल्यानं माझं गाणं उचललं. मला राग आला — हो, मला! एसटीत शेजारी एक वकीलबाई बसल्या होत्या, त्यांना विचारलं. त्यांनी नीट समजावलं. म्हणाल्या, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं गाणं कुणा एकाचं नसतं, ते कुणीही गावं. पण एखाद्या माणसानं रचलेलं असेल तर ते त्याचं. तो गेल्यावरही साठ वर्षं त्याच्या वारसांचं. शिकवताना, परीक्षण लिहिताना चार ओळी घेतल्या तर चालतं. सगळंच उचलून आपलं म्हणून लावलं तर चालत नाही. आणि मग विचारलं, "तुम्हीच रचलंय ना, आजी?"

मी "हो" म्हणाले. माजलगावचा फाटा यायच्या आत म्हणाले.

घरी येऊन गाण्याची पहिली ओळ घालून शोधलं. तिथं जैनबीच निघाली. तिच्या नातीनं, शाहीननं, टाकलेला व्हिडिओ. चेहरा नाही, नुसते दोन हात, मांडीवर बांगड्यांची पेटी आणि तिचा तो घोगरा आवाज. शेवटी 'जैनब भरी.' सतरा जणांनी पाहिलेला. अठराव्यानं पाहिला तर?

मी चॅनलवाल्या कंपनीकडं तक्रार केली, गाणं माझं चोरलंय म्हणून. मनाशी म्हणत आले की सगळ्यांवरच केली, त्यात तोही गेला. खोटं. लग्नवाल्याला मी हातही लावला नाही. तक्रार त्या एकाच व्हिडिओवर केली. अर्जात विचारलं होतं, मूळ रचना तुमची आहे का? हो. नाव? तिथं मी माहेरचं नाव घातलं — गोदावरी, पुढं वडिलांचं. सुमन हे लग्नात ठेवलेलं. मालकांनंतर गोदावरी म्हणून मला ओळखणारं वडवणीत एकच माणूस होतं, आणि ते जैनबी.

चौथ्या दिवशी व्हिडिओ गेला.

शाहीन माझ्याकडंच आली. दुसऱ्या कुणाकडं जाणार? म्हणाली, ज्या मोबाइलवर भरलं होतं तो पाण्यात पडून गेला. नानीचा आवाज तेवढाच होता. अम्मी रोज ऐकायची. "काकू, तुमी सांगा ना त्यांना, नानीनंच केलं म्हणून. तुमच्यासमोर केलंय."

मी म्हणाले, "अगं, जुनं गाणं हाय ते. तसली गाणी कुणाचीच नसतात."

अर्जात माझं. तिच्यापुढं कुणाचंच नाही. जैनबीचं तेवढं कुठंच नाही.

तिनं मोबाइल पुढं केला; व्हिडिओच्या जागी तक्रार करणारीचं नाव आलं होतं. "ही गोदावरी कोण हाय हो? कशापायी आमच्या मागं लागली? वळखता का?"

"न्हाई बाई," मी म्हणाले.

पाच महिने गेले. पाच महिने शाहीनची आई रोज दारावरून जायची. शेवटी एका दुपारी मी तक्रार मागं घेतली. मागं घेता येते. पहिल्या दिवसापासून येत होती, आणि ते मला ठाऊक होतं. माझं गाणंही काढून टाकलं. विचारणाऱ्यांना सांगितलं, चुकून गेलं.

शाहीन पळत आली. "काकू, नानी आली परत!" माझ्या शेजारी बसून तिनं पूर्ण गाणं लावलं, शेवटच्या ओळीपर्यंत. मग डोळे पुसत म्हणाली, "त्या गोदावरीला दया आली म्हणायची. अल्ला तिचं भलं करो."

मी गाणं घेतलं होतं, तसं तेही घेतलं.