ठोकून ठेवलेला खिळा

नव्वद सालानंतरची गोष्ट. आमच्या भिंतीवर सासूसासऱ्यांचे फोटो होते. नवऱ्यानंही तालुक्याला जाऊन स्वतःचा काढून आणला होता. माझा नव्हता. मेल्यावर लावायला काहीतरी हवं, म्हणून मी शेजारी खिळा तेवढा ठोकून ठेवला होता.

नणंदेचा मुलगा नागापूरला कारखान्यात कामाला. तो नवा कॅमेरा घेऊन खर्ड्याकडच्या आमच्या गावी आला, तेव्हा शेतात बाजरीची सोंगणी चालू होती. मी ट्रंकेतलं इरकली लुगडं काढलं. आमच्याकडे फोटो म्हणजे डोक्यावर पदर, हात सरळ, नजर समोर. हसायचं नाही. मी तशी बांधावर उभी राहिले. सोंगणीच्या बायकाही विळे टाकून, तोंडं पुसून माझ्या शेजारी ओळीत आल्या.

"मामी, लग्नाला निघालात का?" तो म्हणाला. "मला सोंगणी पाहिजे. जुनं लुगडं नेसून या."

"जुन्याचा फोटो कोण काढतंय?"

"त्याच्यासाठीच आलोय."

शहरात ठिगळाला मान असावा. मी घरी जाऊन जुनेर नेसून आले. मग त्यानं आम्हाला दुपारभर वाकवून ठेवलं. हललं की फोटो बिघडतो म्हणे, म्हणून विळा धरायचा पण कापायचं नाही.

एक बाई कंबर धरून म्हणाली, "नुसतं वाकायची मजुरी कुनी देत आसंल तर मला सांगा गं, मी रोज येते."

"आता माझा एक काढ. तोंडाचा," मी त्याला म्हटलं.

"काढतो की मामी, ऊन उतरू द्या. तवर वनखात्याचं रान बघून येतो."

त्या रानात लिंब आणि बाभळी. आमच्या शेळ्याही तिथं कंटाळतात. मी पुन्हा इरकली नेसले, पावडर लावली आणि त्याच्या मागं गेले. साहेब पालथे पडून एका वाळक्या खोडाचा फोटो काढत होते. मला बघून ओशाळले.

"मामी, रोल संपला."

खोडाचा नंबर माझ्या आधी लागला.

दिवाळीला तो मोठी फ्रेम घेऊन आला. कारखान्यातल्या फोटोंच्या स्पर्धेत तिला बक्षीस मिळालं होतं. पिवळी बाजरी, मागं हिरवं रान, पुढं आम्हा बायकांच्या पाठी.

"मधल्या तुम्ही," तो म्हणाला.

मी नीट बघितलं. ठिगळ माझंच होतं.

खिळा होताच, फ्रेम लावली. सुनेला सांगून ठेवलंय, मी गेल्यावर हार तिथंच घाल. कुंकू लावायची मात्र घाई करू नको, आधी कपाळ कुठं ते बघ.