हेर्मेलिंदाचं स्टूल

आमच्या विल्सन रस्त्यावर लॅपटॉप दुरुस्तीला आणणारा शहाणा माणूस जागचा हलत नाही. पाठ वळली की आतला चांगला माल जातो आणि भंगार येतं, हे अख्ख्या लिमाला ठाऊक आहे. त्यात ऑफिसचे लॅपटॉप दणकट, वर्षानुवर्षं कुरकुर न करणारे, म्हणून आतला एकेक भाग विकण्याजोगा. मी फुटपाथवर ओरडून गिऱ्हाइकं ओढून आणते, त्यामुळे इथला कोण किती पाण्यात आहे ते मला कळतं.

हेर्मेलिंदा सुल्का आयाकुचोच्या डोंगरातून आली आणि दॉन एदिल्बेर्तोच्या दुकानात कामाला लागली. हात सोन्याचा, तोंड बंद. एकदा नोटरीच्या ऑफिसचा लॅपटॉप नवी बॅटरी घालून गेला आणि थोड्याच दिवसांत कीबोर्ड वर आला. आत फुगलेली जुनी बॅटरी, तिच्यावर नव्या बॅटरीचं लेबल, कुठे फाटलेलं नाही की सुरकुती नाही. नोटरी पोलीस घेऊन आला. एदिल्बेर्तोनं बोट दाखवलं, "हिचं काम, साहेब. मला यातलं ओ की ठो माहीत नाही."

ती चौकीत बसून आली. तिचं नावच पडलं, चोरटी. लेबल न फाटता निघालं कसं हे कुणालाच सांगता येईना, मग ती तरी काय सिद्ध करणार?

पुढे तिनं दुकानांच्या त्याच गॅलरीत, त्याच्या बरोबर समोर, जिन्याखालची बोळकांडी भाड्यानं घेतली. मुद्दाम. बाकावर लॅपटॉप आणि पुढ्यात एक स्टूल. "बसा, कासेरो," गिऱ्हाइकाला इथे म्हणतात तसं ती म्हणायची. "डोळे उघडे ठेवा." मी गिऱ्हाइकं तिच्याकडे वळवू लागले. हळूहळू एदिल्बेर्तोची गिऱ्हाइकंही म्हणायला लागली, आम्हालाही स्टूल द्या. त्याचं तोंड बघून मला दोन घास जास्त जायचे. पण कुजबुज थांबली नाही. "नवं स्टूल, जुनी चोरटी," असं लोक म्हणतच राहिले.

मग एदिल्बेर्तोचे हात थरथरायला लागले आणि त्याचा स्वतःचा लॅपटॉप बंद पडला. सगळा धंदा त्यात. मदरबोर्डवर सोल्डरिंगचे बारीक डाग द्यायचं काम इथे हेर्मेलिंदाशिवाय कुणाला जमत नाही. आला झक मारत. येऊन स्टुलावर बसला.

"उठा," ती म्हणाली.

"का? सगळे बसतात."

"तुम्ही नाही. ठेवून जा, उद्या या."

"हेर्मेलिंदा, जुनं कशाला उकरतेस, पोरी?"

"मग दुसरीकडे न्या."

दुसरीकडे काय होतं ते त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? ठेवून गेला. ती रात्र त्याला कशी गेली असेल, या विचारानं मला मस्त झोप लागली.

सकाळी लॅपटॉप चालू झालेला. तिनं फक्त बोर्ड दुरुस्त केला होता, बाकी कशाला हात लावला नव्हता. पण त्याचा विश्वास बसेना. तिथेच स्क्रू काढून तो आत शोधायला लागला आणि सापडेना तसा पेटला. गॅलरीत सगळी दुकानं उघडत होती.

"काय काढलंस? मेमरी बदललीस?"

"नाही."

"मग बॅटरी! खोटं बोलू नकोस, भवाने! हेअर ड्रायरनं गरम करून लेबल सोडवलंस आणि जुन्यावर चिकटवलंस, हो ना? तसं केलं की कोपरासुद्धा फाटत नाही!"

शेजारच्या दुकानातला माणूस शटर अर्धवट धरून तसाच उभा राहिला. एमोलियेन्तेचा गरम काढा विकणारी बाई ग्लास भरायची थांबली.

"हेअर ड्रायर," हेर्मेलिंदा म्हणाली. "इतकी वर्षं मला हेच कळत नव्हतं."

एदिल्बेर्तो लॅपटॉप गोळा करायला लागला, तेव्हा तिनं त्यावर हात ठेवला.

"पुन्हा एकदा सांगा, दॉन एदिल्बेर्तो. मोठ्यानं. जिन्यावरच्यांना ऐकू गेलं नाही."

तो तिच्या हाताखालून लॅपटॉप ओढत राहिला. मग मीच फुटपाथवर गेले. ओरडणं हा माझा धंदा आहे, आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी त्याच्या हेअर ड्रायरशिवाय दुसरं काही ओरडले नाही.