महादेवासमोर खोटं वाक्य चालत नाही

किस्से निर्माल्यासारखे साठतात. रोजचं थोडंथोडं, चार बेलाची पानं, दोन झेंडू. आणि एक दिवस बघावं तर टोपली भरलेली. टाकवत नाही, ठेववत नाही. झरी गावातल्या आमच्या महादेवाच्या सभामंडपात आम्ही बायका इंग्रजी शब्द शिकायला बसू लागलो, त्याचं असंच झालं. शब्द किती डोक्यात राहिले ते महादेवाला ठाऊक, किस्से मात्र सगळे राहिले. आणि ते सांगायला बसलं की मला राग येतो. व्रतात राग धरू नये म्हणतात. आजवर पुष्कळ व्रतं केली, हा एक नियम काही मला जमला नाही.

सुरुवात वैशालीपासून झाली. ही आमच्या समोरच्या घरची सून, बारावी झालेली. परभणीच्या रस्त्याला एक इंग्रजी शाळा आहे, तिथं बालवर्गाला मदतनीस बाई हवी होती. लेकरांशी साधं इंग्रजी बोलता यावं, एवढीच अट. वैशालीनं नवऱ्याला विचारलं. बालाजी अंगणात चार माणसांत बसलेला. म्हणाला, "तुला इंग्रजी येईल त्या दिवशी खुशाल जा. मी कुठं न्हाई म्हणायलोय?"

माणसं हसली. मी माझ्या दारात तुळशीला पाणी घालत होते. तांब्या तिथंच आपटला.

त्याच संध्याकाळी महादेवापुढं वसा घेतला. रोज दुपारी सभामंडपात जमायचं, एक इंग्रजी शब्द घ्यायचा, त्याचा सोपा अर्थ सांगायचा आणि ज्या त्या बाईनं आपलं एक वाक्य करायचं. वाक्य होत नाही तोवर चहा नाही.

दोन म्हशींचं दूध घालणारी आमची चंद्रकला म्हणाली, "काकू, त्यापरीस निर्जळी एकादशी परवडली."

पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन बसली.

* * *

बसस्टँडवरच्या गाड्यावरून शब्दांचं एक पुस्तक आणलं होतं. शब्द, खाली अर्थ, त्याखाली उदाहरणाचं वाक्य. आता त्यातली वाक्यं बघा. जॉन पोहायला जातो. डेव्हिड गाडी चालवतो. साहेब रागावले आहेत. आणि बाई? बाई स्वयंपाक करते. पान उलटलं, बाई कपडे धुते. आणखी उलटलं, बाई वाट बघते.

'अँग्री' शब्द आला तेव्हा चंद्रकला म्हणाली, "साहेबच का रागावलेत? आमी काय मेलाव का?"

मला ते पटलं. पुस्तक मिटलं आणि नियम घातला. शब्द पुस्तकातला घ्यायचा, वाक्य आपल्या घरचं. आणि ते खरं पाहिजे. समोर पिंड आहे, वसा चालू आहे, खोटं वाक्य चालणार नाही.

त्या दिवशी 'अँग्री'ची इतकी वाक्यं झाली की चहाला दिवेलागण झाली.

* * *

दुसऱ्या दिवशी 'हॅपी' आला. अर्थ सांगितला, मन भरलेलं असणं. सोपा शब्द, म्हटलं आज लवकर सुटू.

एकजण पदर सावरायला लागली, दुसरी नंदीकडं बघायला लागली. शेवटी वैशाली म्हणाली, "आय ॲम हॅपी." म्हणाली आणि पिंडीकडं बघून तिनं कानाला हात लावला. "न्हाई काकू. माघारी घेते."

चहा तर सगळ्यांनाच हवा होता. मग चंद्रकला उठून उभी राहिली आणि म्हणाली, "माय बफेलो इज हॅपी."

खरं होतं. मी स्वतः त्या म्हशीला पाहिलेलं आहे. सगळ्यांनी तेच वाक्य घेतलं आणि घरी गेलो.

* * *

हे सगळं चावडीपर्यंत गेलं. मग काय, मी पूजेचं ताट घेऊन निघाले की संध्याकाळच्या वेळी कुणीतरी हमखास ओरडायचं, "गुड मॉर्निंग, काकू." आमच्या ह्यांनीही एक दिवस जेवता जेवता विचारलं, "आता महादेवाला गाऱ्हाणं इंग्रजीत घालणार का?"

मी भाजी वाढत होते. पण आतून कढ आला. ही माणसं दिवसभर रिचार्ज म्हणतात, टाइमपास म्हणतात, लाइट गेली म्हणतात, त्यांना कुणी हसत नाही. बाईनं एक शब्द तोंडात घेतला की गावाला गुदगुल्या होतात.

माझा चेहरा बघून हे म्हणाले, "टेन्शन घेऊ नकोस."

मी म्हटलं, "घेत नाही. पण त्याचा साधा अर्थ सांगा आणि आपल्या घरचं एक खरं वाक्य करा."

ह्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. आढ्याकडं बघितलं. पुष्कळ विचार केला.

मग म्हणाले, "चहा ठेव."

* * *

'हेल्प'. अर्थ असा सांगितला की दुसऱ्याचं काम हलकं करणं. आधी नुसती गंमत म्हणून पुस्तकातलं वाक्य वाचून दाखवलं, नवरा बायकोला घरकामात मदत करतो. बायका अशा हसल्या की गाभाऱ्यातला पुजारी बाहेर आला.

चंद्रकला मात्र हसली नाही. म्हणाली, "आमचे करतेत की."

"काय करतात?"

"मी झाडायले की पाय वर घेतेत."

हे वाक्य इंग्रजीत करायला आम्हाला फार वेळ लागला. पण खरं होतं, म्हणून केलं.

* * *

वैशाली या सगळ्यात भराभर पुढं गेली. भाकरी थापताना शब्द, विहिरीवर शब्द. चार वाक्यं एका दमात बोलायची. शाळेत तिनं अर्ज टाकलाच होता. शाळेनं बोलावण्याचा दिवस कळवला, तेव्हा ती बालाजीपुढं जाऊन उभी राहिली आणि इंग्रजीत म्हणाली की मला सोमवारी शाळेत बोलावलंय, मी जाऊ का?

बालाजी म्हणाला, "हे बरोबर हाय का चूक, कोण तपासणार? तू आन् तुझी काकू? राहू दे. न्हाई जायचं."

त्या दुपारी पुस्तकात नेमका शब्द निघाला 'परमिशन'. मी अर्थ सांगितला, दुसऱ्यानं हो म्हणणं आणि मग आपण जाणं. सगळ्यांची वाक्यं झाली. वैशालीचं होईना.

"बोल की गं," चंद्रकला म्हणाली. "चहा गार व्हायलाय."

"खरं हाय ते म्हणवंना," वैशाली म्हणाली, "आन् म्हणवंल ते खरं न्हाई."

तिनं चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. वाक्य बाकी होतं ना. वसा म्हणजे वसा.

मला राहवेना. चुरम्याचा प्रसाद घेऊन मी त्यांच्या घरी गेले. बालाजी वाईट नाही, वाकून पाया पडला. म्हणाला, "काकू, माझं काय न्हाई हो. पण लोक म्हणतील, बायकोला कमवायला लावलं. माझा 'हो' न्हाई म्हणजे न्हाई."

मी कुणाला टोचून बोलत नाही. त्या दिवशी बोलले. "बालाजी, ही तुझ्यासाठी वटसावित्री करते, हरतालिका करते. उपाशी राहायला हिला कुणाचा 'हो' लागला रे? उपाशी राहायला आजवर एका बाईला कुणी 'नाही' म्हटलेलं मी ऐकलं नाही. तुमचं 'नाही' निघतं ते फक्त बाईनं उंबऱ्याबाहेर पाय टाकला की."

त्यानं प्रसाद डोक्याला लावला आणि खाल्ला.

* * *

सोमवारी सकाळी मी परभणीच्या एसटीत बसले तर शेजारी वैशाली येऊन बसली. डोक्यावर पदर, हातात कागदांची पिशवी. मी शाळेपर्यंतची दोन तिकिटं काढली. बेलाचं एक पान मी तिच्या पिशवीत टाकलं.

शाळेत मॅडमनी आम्हाला आत बसवलं. भिंतीवर सरस्वतीची तसबीर होती. शिपाईबाईनं चहा आणून ठेवला. मी घेतला, वैशालीनं कपाला हात लावला नाही. तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली आणि बालाजी दारात उभा. घामाघूम झालेला.

"आपण?" मॅडमनी विचारलं.

"मी तिचा मालक. तिला घ्यायला आलोय."

"बरं झालं, बसा," मॅडम म्हणाल्या, आणि त्याच्यापुढंही चहा ठेवायला सांगितला. शाळेच्या खोलीत मॅडमनी बसा म्हटल्यावर कोण उभं राहणार? तो बसला.

मॅडम वैशालीकडं वळल्या. "घाबरू नका. तुम्ही शिकलेला कोणताही एक शब्द घ्या आणि एक साधं वाक्य करा."

वैशालीनं तसबिरीकडं बघितलं. नवऱ्याकडं नाही, माझ्याकडं नाही.

"परमिशन," ती म्हणाली. "माय हजबंड डिड नॉट गिव्ह परमिशन. आय केम."

मॅडमनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला आणि बालाजीला विचारलं, "तुम्हाला कळलं ना वाक्य? खरं आहे का ते?"

बालाजीनं कपाकडं बघितलं. भिंतीवरच्या सरस्वतीकडं बघितलं. पायांतल्या चपला त्यानं हळूच काढल्या.

"खरं हाय, मॅडम."

वैशालीनं चहाचा कप उचलला.