मोरीचं तेल लावलेली गाडी

आमच्या घरी गाडी आली तेव्हा मालवणात मोजक्याच गाड्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेक भाड्याच्या. आमची होती लहानशी इटालियन, चार दारांची, फिकट हिरव्या रंगाची. पुढची दारं उलटी उघडायची, म्हणजे बिजागरी मागे आणि मूठ पुढे. त्यामुळे नऊवारी नेसलेली बाई आत बसताना आपोआप नीट बसायची, पण उतरताना पदर हमखास मुठीला अडकायचा. आमच्या ह्यांनी ती मुंबईच्या एका डॉक्टरकडून घेतली. हे स्वतः डॉक्टर, आणि आजूबाजूच्या गावांतले रोगी बैलगाडीने यायचे किंवा यायचेच नाहीत. तेव्हा गाडी ही चैन नव्हती असं हे सगळ्यांना सांगत. कुणी विचारलेलं नसलं तरी सांगत.

गाडी कोल्हापूरमार्गे घाट उतरून आली आणि अंगणात उभी राहिली. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तिच्याभोवती एक फेरी मारली. मग खाली वाकून तिचं पोट पाहिलं. मामंजींचं सगळं आयुष्य आगबोटींच्या इंजिनखोलीत गेलेलं. एखादी वस्तू बाहेरून कशी दिसते याच्याशी त्यांना देणंघेणं नसायचं.

"ह्या लोखंडाक खारो वारो खातलो," ते म्हणाले.

खरंच खायला लागला. आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. पावसाळा संपेपर्यंत दारांच्या कडांना, चाकांवरच्या पत्र्याला तांबडे फोड आले. आधी आम्हांला वाटलं रस्त्याची तांबडी माती चिकटलीय. मी फडकं घेऊन पुसायला गेले तर पत्र्याचा पापुद्राच हातात आला. ह्यांनी मुंबईहून कसलासा काळा रंग मागवला. तो येईपर्यंत मामंजी थांबले नाहीत. एका सकाळी ते बंदरावर गेले आणि मोरी माशाच्या, म्हणजे शार्कच्या, काळजाचं तेल भरलेला डबा घेऊन आले. आमच्याकडे होड्यांना लावतात ते.

"होडयेक लावतत, मग गाडयेक कित्या लावचा नाय?"

ह्यांनी कपाळाला हात लावला, पण वडिलांपुढे बोलायची पद्धत नव्हती. मामंजींनी गोणपाट अंथरलं, गाडीखाली शिरले आणि सबंध पोटाला तेल चोपडलं. गंज थांबला, हे मान्यच करायला हवं. पण वास. ऊन चढलं की गाडी दूरवरून कळायची. गावातली मांजरं तिच्याखाली येऊन बसू लागली आणि गाडी सुरू करण्याआधी त्यांना हाकलणं हे एक रोजचं काम होऊन बसलं. हे रोग्याकडे गेले की रोग्याआधी त्याच्याच घरचं मांजर सामोरं यायचं.

बाकीचं सगळं मामंजींच्या शिस्तीत चाले. आठवड्याला प्लग काढून सॅंडपेपरने घासायचे. बॅटरीत पाणी बघायचं. विहिरीच्या गोड्या पाण्याने गाडी धुवायची, समुद्राकडची बाजू दोनदा. माडाखाली कधीही उभी करायची नाही, कारण एकदा नारळ पडून टपाला खळगा आला होता आणि तो त्यांनी आतून लाकडी हातोडीने ठोकून काढला होता. आणि रोज सकाळी इंजिन चाललंच पाहिजे. हे दवाखान्यात पायी जात असत, गाडी फक्त बाहेरगावच्या भेटींसाठी. मामंजींची नजर अधू झाली होती, त्यामुळे ते स्वतः चालवू शकत नव्हते. गाडी चालवायला ते कधी शिकलेही नव्हते.

"बाय, तू बस," ते एका सकाळी मला म्हणाले. "इंजिन बसान ऱ्हवला तर बिघाडता."

मी सावंतवाडीची. माहेरी मला सायकलसुद्धा चालवू दिली नव्हती. पण सासऱ्यांनीच सांगितल्यावर नाही कोण म्हणणार? शाळेच्या मैदानावर त्यांनी मला शिकवलं, म्हणजे शेजारी बसून आगबोटीवरच्या भाषेत हुकूम दिले. हळू पुढे. अर्धा वेग. थांब. उलटं. क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे दोघांनी मिळून शोधलं. पहिल्या दिवशी गाडी इतके हिसके मारत चालली की मैदानावरच्या म्हशी उठून गेल्या. महिन्या-दोन महिन्यांत मला स्टिअरिंगखालचा गियर न बघता टाकता यायला लागला. हे एकदा माझ्याशेजारी बसून बाजारापर्यंत आले. घरी आल्यावर म्हणाले, "माझ्यापेक्षा बरी चालवतंस." मग मला रीतसर परवानाही काढून दिला.

त्या वैशाखात आमच्या शेजारच्या मुलाचं लग्न ठरलं. मुलगा मुंबईत कचेरीत कामाला. मुलगी खाडीपलीकडच्या वालावलची. नवऱ्या मुलाला डॉक्टरांच्या गाडीतून न्यायचं, असं त्यांच्या घरी परस्पर ठरलं आणि ह्यांनीही आनंदाने हो म्हटलं. लग्नाच्या दिवशी सकाळीच पेंडूरहून माणूस बैलगाडी दामटत आला. एका बाईचं बाळंतपण अडलं होतं. हे तयार होऊन बाहेर पडायच्या बेतात होते. त्यांनी कोट काढून ठेवला, पिशवी उचलली आणि आलेल्या माणसाच्या बैलगाडीत चढले.

"गाडी तुम्हीच घेवन जावा," मी म्हटलं.

"आणि नवरो काय चलत जातलो? तूच जा त्याका घेवन."

मुंडावळ्या बांधलेला नवरा मुलगा ओट्यावर उभा होता. त्याच्या आत्याने तोंडाला पदर लावला. आत्या म्हणजे त्या घरातलं अखेरचं कोर्ट. "बायलमाणूस गाडी हाकतली आणि नवरो मागे बसतलो? वालावलकर काय म्हणतले?"

मामंजी आधीच पुढच्या सीटवर बसले होते. "मुहूर्त चुकलो तर काय म्हणतले?" त्यांनी विचारलं.

आत्या चढल्या. गाडीवर लक्ष ठेवायला म्हणून त्या स्वतःच नवऱ्या मुलाशेजारी बसल्या. बाकीचं वऱ्हाड आधीच पुढे गेलं होतं.

ऊन तापलं तसं खालचं तेलही तापलं. फुलांच्या माळांनी गाडी सजवली होती, पण मोगऱ्याचं काही चाललं नाही. नवरा मुलगा सकाळपासून उपाशी. थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, "काकी, पोटात ढवळता." मी काचा पुरत्या खाली केल्या आणि वेग कमी केला. आत्या पुढची सीट दोन्ही हातांनी घट्ट धरून बसल्या होत्या.

कर्लीच्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता. दोन मोठ्या होड्या एकमेकींना जोडून त्यांवर फळ्या ठोकलेल्या असत आणि गाड्या त्यावरून पलीकडे नेत. काठावरून होडीवर चढायला दोन अरुंद फळ्या. मैदानावर खड्डे होते, पाणी नव्हतं.

मामंजी उतरले. आत्यांना आणि मुलाला उतरवलं. मग ते धोतर खोचून होडीवर जाऊन उभे राहिले, माझ्याकडे तोंड करून. माझ्या चाकांपेक्षा ते माझ्या चेहऱ्याकडेच जास्त बघत होते असं वाटलं.

"हळू फुडे," ते म्हणाले. "हळू. तसाच. आता थांब."

मी थांबले. गाडी होडीवर होती. खाली पाणी डुचमळत होतं आणि मला एकदम हसू यायला लागलं. नवरा मुलगाही वाऱ्यावर जरा माणसात आला. त्याने चक्क आत्यांना विचारलं, मुंडावळ्या सरळ आहेत का.

पलीकडे उतरताना मात्र गाडीचं मागचं पोट फळीच्या कडेवर आपटलं. खाडकन आवाज झाला आणि मागोमाग असा गडगडाट सुरू झाला की काठावरचे बगळे उडाले. सायलेन्सर तुटून पडला होता. तेल तिथवर न पोचल्यामुळे तो गंजला होता की काय, यावर मामंजी आणि हे पुढे कित्येक वर्षं वाद घालत राहिले. मामंजींनी गोणपाट भिजवलं, त्यात तो तापलेला सायलेन्सर गुंडाळला आणि डिकीत टाकला.

"इंजिनाक काय झाला नाय. आवाजाक भियाव नको. चल."

अशी आमची वरात वालावलला पोचली. झाडीतून, वळणांवरून, मोठा मालट्रक चालल्यासारखी. गाडी देवळाजवळच्या तळ्याकाठी आली तेव्हा तिथले वाजंत्री वाजवायचे थांबले, कारण त्यांचं कुणाला ऐकूच येत नव्हतं. सगळा मांडव बाहेर येऊन उभा होता. मी इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. मी उतरले, आणि अर्थात पदर मुठीला अडकला.

मुलीकडची एक बाई पुढे आली. तिने माझ्याकडे बघितलं, ड्रायव्हरच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. "गाडी कोणी हाणली?"

मी उत्तर देणार तेवढ्यात आत्या मागून उतरल्या. त्यांनी पदर सारखा केला. "आमच्या डॉक्टरीणबायन. आमच्यात नवऱ्याक अशीच घेवन येतत," त्या म्हणाल्या आणि ताठ मानेने मांडवात गेल्या.

लग्न मुहूर्तावर लागलं. पेंडूरची बाईही सुटली, मुलगी झाली, हे ह्यांच्याकडून दुसऱ्या दिवशी कळलं. परतताना नवी नवरी माझ्या शेजारी पुढे बसली. मामंजींनी आपली जागा तिला दिली होती आणि ते मागे, आत्या आणि नवरा मुलगा यांच्यामध्ये दाटीवाटीने बसले होते. इंजिनाच्या गडगडाटात तिचं रडणं काही ऐकू येण्यासारखं नव्हतंच. खाडीपर्यंत तिचे डोळे पुसून झाले. होडीवर गाडी बंद केल्यावर ती माझ्या हातांकडे बघत म्हणाली, "कठीण आसा काय, काकी?"

"फळ्येर चढताना कठीण," मी म्हटलं. "मगे नाय."

तिने विचारलं, हॉर्न वाजवू का. मी म्हटलं, वाजव. तिने खाडीच्या मधोमध तो दोनदा वाजवला. होडीवाल्याने मागे वळून बघितलं, आणि ती हसली, लग्नाच्या दिवशी पहिल्यांदाच बहुधा.

कोल्हापूरहून नवा सायलेन्सर यायला बरेच दिवस लागले. तोवर हे तशीच गडगडाट करत रोग्यांकडे जात राहिले. वाडीवाडीतली पोरं रस्त्यावर येत, कुत्री गोठ्यात पळत. नवा सायलेन्सर बसला तेव्हा मला वाटलं, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. पण आचऱ्याची एक म्हातारी, दम्याची जुनी रोगी, ह्यांच्यावर रुसून बसली.

"डॉक्टरानू, आदी गाडी वळणार इली काय माका कळा. मी चायचा आधण ठेवी. आता तुम्ही एकदम दारात येतास, माझी चाय होवची कशी?"

हे खाली बसले आणि म्हणाले, "ठेव आधण. मी थांबतंय." मी गाडीतच होते. त्या दिवशी मीच त्यांना घेऊन गेले होते, लांबच्या भेटींना आता बहुतेक मीच गाडी न्यायचे. म्हातारीने मलाही आत बोलावलं. चहा गुळाचा होता, आणि आम्ही तिथे बराच वेळ बसलो.