कौल आणि पंखा

प्रोग्राम न चालवता, नुसता वाचून तो कुठे बिघडेल हे सांगणारं सॉफ्टवेअर मी बनवते. बऱ्याचदा ते ‘सांगता येत नाही’ म्हणून हात वर करतं. त्यावरचा माझा शोधनिबंध स्वीकारतील का, याचा कौल लावायला आत्यानं मला म्हसवडजवळच्या आमच्या गावच्या देवळात ओढत नेलं. गुरवानं मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. दोन्ही जागच्या हलेनात. देवही माझ्याच पंथातला निघाला, म्हणून मी खूश! आत्याचा धीर मात्र सुटला.

“आवं, लय उकडतंय, पंखा तरी लावा.”

पंखा फिरला, उजवी पाकळी पडली, आत्यानं भक्तिभावानं हात जोडले.

निबंध परत आला. परीक्षकांचा शेरा होता: ‘भोवतालच्या परिस्थितीचा विचार केलेला नाही.’