माझंच मनगट

"हिचाच हात घे, पा. गोरा आहे, मशीन नखरे करत नाही."

पार्टिशनपलीकडे सर तमिळमध्ये बोलत होते. मला तमिळ कळत नाही असं ऑफिसात सगळे धरून चालायचे. मीही कधी खुलासा केला नव्हता. कुणीतरी हसलं. मी बाही मनगटावर ओढून घेतली.

चेन्नईच्या वेलचेरी भागातल्या त्या छोट्या कंपनीत आम्ही जिमसाठी नाडी मोजणारा मनगटी पट्टा बनवत होतो. पट्ट्याखालचा हिरवा दिवा कातडीत प्रकाश टाकतो, प्रत्येक ठोक्याला परत येणारा प्रकाश किंचित बदलतो, त्यावरून ठोके मोजायचे. तो परतणारा प्रकाश पकडणारं सर्किट माझं होतं. माझ्या हातावर ते सुरेख चालायचं. काळ्यासावळ्या हातावर मात्र प्रकाश जेमतेम परतायचा आणि स्क्रीनवर नुसत्या आडव्या रेघा. बोर्ड जोडणारा सहकारी एकदा पट्टा सोडत म्हणाला होता, "तुझ्या मशीनच्या मते मी गेलोय, म्मा. बायकोला सांगू नकोस, विमावाल्याकडे पळेल." तेव्हा मी हसले, पण डबा तसाच परत नेला.

दिवा प्रखर केला की आकडा यायचा, पण बॅटरी दिवसभर टिकायची नाही. "ऑर्डर मिळू दे, मग बघू," सर म्हणाले. ऑर्डर गेली तर कंपनी बंद होणार, हे सगळ्यांनाच माहीत होतं. मलाही.

जिमचे मालक आले. त्यांच्या टी. नगरसकट शहरातल्या सगळ्या शाखांना पट्टे हवे होते. त्यांचा चेहरा पाहण्याआधी मी त्यांचे हात पाहिले. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कातडी माझ्या सहकाऱ्याहूनही काळी.

सरांनी माझ्या मनगटावर पट्टा बांधला. प्रोजेक्टरने भिंतीवर आकडा उमटला. ८८.

"बघा सर, किती स्वच्छ."

९६. १०४.

"घाबरली की काय ही?" मालक हसले, मग सगळेच हसले. चेहरा कोरा ठेवणं ही शाळेपासून मला चांगली जमणारी गोष्ट. पण इथे चेहऱ्याकडे कुणी बघतच नव्हतं. सगळे भिंतीकडे बघत होते.

"सगळ्यांना असंच चालतं ना?" मालकांनी विचारलं.

"सगळ्यांना," सर म्हणाले. मग माझ्याकडे वळून इंग्रजीत, "हो ना, म्मा?"

बोर्डवाला सहकारी दाराशी उभा होता. तो जमिनीकडे बघायला लागला. ११९. सरांनी टेबलाखालून माझ्या चपलेला बूट लावला. हलकेच, पण लावला.

मी पट्टा सोडला आणि मालकांपुढे धरला. भिंतीवरचा आकडा गेला.

"नाही सर. काळ्या हातावर आकडा येत नाही. दिवा वाढवला तर येतो, पण मग बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरत नाही. तुम्हीच घालून बघा."