परत शेलूबाजारला

सगळ्या वाशिम तालुक्यात माझ्या थोरल्या साडूंइतका खेळवेडा माणूस दुसरा झाला नाही, हे मी पूर्ण हिशेबाने सांगतो. अनसिंगला त्यांची बत्तीस एकर कपाशी होती, पण डोक्यात बारमाही खेळ. मांजरपाटावर बिब्ब्याने घरं आखून त्यांनी एकूण सतरा खेळ रचले. पैकी अकरा कोणालाच शेवटपर्यंत खेळता आले नाहीत. एकदा व्याह्यांना जेवणाआधी 'एकच डाव' म्हणून बसवलं, तेव्हा वरण तीनदा गरम करावं लागलं.

सर्वांत नामी गाड्यांचा खेळ. इंझोरीहून कापसाची गाडी काढायची, चिंचोके टाकून शेलूबाजारावरून वाशिम गाठायचं. रिकाम्या गाडीने भरल्या गाडीसाठी चाकोरी सोडायची. आणि घर जास्त मोजलं गेलं, तर ज्याचं त्याने सांगून परत शेलूबाजारला जायचं. माझी बायको म्हणाली, "भाऊजी, असं कोण सांगते आपल्या तोंडानं?"

"म्हणून तं खेळ हाये, बाई. नाहीतं निसते चिंचोके."

ब्रिज त्यांना वाशिमच्या एका डॉक्टरांनी शिकवला आणि त्यांनी जोडीला मला ओढलं. अकोल्याच्या स्पर्धेत आम्ही थेट अंतिम फेरीत पोचलो. वाशिमला तो कप कधी आलेला नव्हता. शेवटच्या डावात साडू इस्पिक हुकूम ठरवून दहा हात बोलले आणि बरोबर दहा झाले. माझी बेरीज तयार होती, आम्ही जिंकलो होतो.

पण शेवटचं पान टाकताना ते थबकले. चौकटची दुर्री. ती बदामांत लपली होती आणि मघाशी चौकट आली तेव्हा त्यांनी चुकून हुकूम लावला होता. माझ्याशिवाय कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला.

"पाय कायले दाबून राह्यले, साडूभाऊ?" ते सगळ्यांदेखत म्हणाले. मग समोरच्यांकडे वळले. "चौकट होती माह्याजवळ. दंडाचे दोन हात तुमचे."

दहातून दोन गेले. कपही गेला. परतीच्या गाडीत मी वाशिमपर्यंत तीच बेरीज पुन्हापुन्हा करत होतो. ते मात्र खुशीत अठराव्या खेळाची घरं मोजत होते. उतरताना एवढंच म्हणाले, "लै जोरात दाबला राजेहो तुमी."

गेल्या साली ते गेले. अठरावा खेळ राहिला. गाड्यांचं कापड आता आमच्याकडे आहे, बिब्ब्याच्या रेघा अजून काळ्याभोर आहेत. परवा खेळताना माझी गाडी वाशिमात शिरली आणि लक्षात आलं, मी एक घर जास्त मोजलं होतं. बायको विड्याचं पान लावत होती, तिने पाहिलं नव्हतं.

मी तिला सांगितलं आणि गाडी उचलून शेलूबाजारला नेऊन ठेवली.